सकाळच्या बाटल्यांची बातमी

सुभेदार आमच्या दूध संघात व्यवस्थापक म्हणून आले, त्याच दिवशी त्यांनी माझ्या टेबलावरच्या टेलिफोनकडे बोट दाखवून विचारलं, "बाई, ह्यो मुका झाला तर काय करता?"

"टेलिफोन खात्याकडे तक्रार करते," मी म्हटलं.

"कशावरनं?"

मी टेलिफोनकडे पाहिलं. ते शेजारच्या टेबलाकडे वळले.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती आणि सांगली-मिरज रस्त्यालगत संघाचं नवं शीतकेंद्र उभं राहिलं होतं. आसपासच्या खेड्यांतून सकाळ-संध्याकाळ दुधाचे कॅन यायचे. दूध गार करून मोठ्या टाकीत साठवायचं, बाटल्यांत भरायचं, आणि उजाडायच्या आत त्या बाटल्या शहरातल्या केंद्रांवर पोचत्या करायच्या, असा तो व्यवहार. टेलिफोन आणि टंकलेखन माझ्याकडे होतं. माझं माहेर साताऱ्याचं. लग्न होऊन सांगलीला आले, नवरा शाळामास्तर, पदरात दोन वर्षांची मुलगी. घरी दूध अर्थातच संघाचं.

सुभेदार मूळचे मेढ्याकडचे. डोंगरातल्या नाचणीवर घर भागेना म्हणून फौजेत गेले आणि उभी नोकरी सिग्नलमध्ये काढली. एका ठाण्यावरचा निरोप दुसऱ्या ठाण्यावर पोचवायचा, एवढंच काम आयुष्यभर केलं, असं ते सांगायचे. पहिल्या आठवड्यात त्यांनी मिस्त्रीला, ड्रायव्हरला, कॅन धुणाऱ्या बायकांना, सगळ्यांना तोच एक प्रश्न विचारला. वीज गेली तर? टेम्पो बंद पडला तर? कृष्णेला पाणी येऊन रस्ता अडला तर? लोक वैतागले. संघाचे अध्यक्ष उसाचे मोठे बागायतदार, मनानं चांगले, पण अपशकुनाला भिणारे. ते म्हणाले, "सुभेदार, चालत्या गाड्याला नाट कशाला लावता?"

मला मात्र या माणसाचं कुतूहल वाटायला लागलं. असं आडवंतिडवं विचारणं मी कुणाकडून ऐकलं नव्हतं. आणि विचार करायला लागलं की प्रश्न मोठा गमतीचा होता. कापडाची गिरणी बंद पडली तर कापड आहे तसं राहतं. हळदीचा व्यापारी दुकानाला कुलूप लावून लग्नाला जाऊ शकतो. दुधाचं तसं नाही. आम्ही बंद पडलो म्हणून गावातली म्हैस थांबणार नव्हती. ती संध्याकाळी दूध देणारच आणि ते आमच्या दारात येणारच.

एका रविवारी संध्याकाळी दूध उतरत असताना सुभेदारांनी स्वतःच्या हातानं मेन स्विच खाली ओढला. यंत्रं थांबली. पंख्यांचा आवाज बंद झाला तशी सगळी बाहेर आली.

"वीज गेली," सुभेदार म्हणाले. "आता काय करायचं ते करा."

बर्फाच्या कारखान्याकडून लाद्या आणायच्या, असं तोंडी ठरलेलं होतं. ड्रायव्हर टेम्पो घेऊन गेला आणि रिकामाच परत आला. कारखान्याच्या फाटकाला कुलूप, आणि किल्लीवाला वॉचमन कुस्त्यांच्या मैदानात. त्याला गर्दीतून शोधून काढेपर्यंत थोडं दूध नासलं. अध्यक्ष भडकले. सुभेदारांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"आज थोडं नासलं," ते म्हणाले. "ठाऊक न्हाई म्हणून एक दिवशी सगळं नासंल, त्यापरीस हे बरं."

त्यानंतर किल्ली कुठं असते ते आम्हाला माहीत झालं. दूध गार करणाऱ्या यंत्राच्या पाइपातला अमोनिया, म्हणजे तो झोंबणारा विषारी वायू, गळला तर काय करायचं, तेही ठरलं. तोंडाला ओला कपडा, अंगावर ओली पोती, वारा येतो त्या बाजूला चालत जायचं आणि आवारातल्या चिंचेखाली उभं राहायचं. जमेल तेव्हा सुभेदार सराव घ्यायचे. कॅन धुणाऱ्या बायका हसत हसत पोती घेऊन पळायच्या. शिवाय लोकांना द्यायचं एक निवेदनही त्यांनी आधीच लिहून माझ्याकडून टंकून घेतलं होतं. "केंद्रातील यंत्रसामग्रीत तांत्रिक बिघाड झाला असून परिस्थिती पूर्णपणे नियंत्रणात आहे." फक्त तारीख घालायची जागा कोरी. मला ते वाक्य भारदस्त वाटलं होतं.

आणि उन्हाळ्यात एके दिवशी खरंच पाइप गळला.

बाटल्या शहरात जाऊन बराच वेळ झाला होता. मी बिलं टंकत होते. एकाएकी डोळ्यांत कुणीतरी कच्चा कांदा पिळावा तसं झालं. पाठोपाठ नाकात, घशात आग. यंत्रघरातून ओरडा आला. मी पदर ओला करून तोंडाला लावला आणि बाहेर पडले. पळायचं कुठं हा विचारच करावा लागला नाही. पाय आपोआप चिंचेकडे गेले. पाहते तर बायका पोती पांघरून आधीच तिथं पोचल्या होत्या. कुणी हसत नव्हतं.

मिस्त्री तेवढा नव्हता. तो कवठे महांकाळकडचा, मेंढपाळांच्या घरातला, अबोल, पंचविशीतला तरुण. शिकून यंत्रांवर आलेला त्याच्या घरातला पहिलाच. बाहेर आलेला तो पोतं गुंडाळून झडप बंद करायला पुन्हा आत गेला होता. झडप बंद झाली. तो दारापर्यंत आला आणि तिथंच कोसळला. सुभेदारांनी त्याच्या तोंडावर ओलं फडकं टाकलं, अंगावर ओली पोती घातली, आणि त्याला जीपमध्ये आडवं घालून मिरजेच्या दवाखान्यात पाठवलं.

पुढचं सगळं ठरल्याप्रमाणं झालं. संध्याकाळच्या दुधासाठी बर्फाच्या लाद्या आल्या. जास्तीचं दूध खव्यासाठी घ्यायला पेढेवाले आधीच कबूल झाले होते, त्यांना सांगावा गेला. टाकीत दूध होतं ते विकायचं नाही, नमुना मिरजेला तपासायला पाठवायचा, असं सुभेदारांनी ठरवलं. वास विरल्यावर आम्ही कचेरीत परतलो. सुभेदारांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच समाधानासारखं काहीतरी मला दिसलं.

तेवढ्यात टेलिफोन वाजला आणि मग तो वाजतच राहिला.

"दुधात गॅस गेला म्हणे, खरं का?" "तुमच्यात माणूस मेला म्हणे?" "उद्या दूध येणार का?" मी प्रत्येकाला जरा थांबा म्हणत होते. अध्यक्ष घाईघाईनं आले.

"बाई, काहीच झालं न्हाई म्हणून सांगा सगळ्यास्नी."

"वास पार विश्रामबागेपर्यंत गेलाय," मी म्हटलं. "काही झालं नाही म्हटलं तर वास कसला, असं विचारतील."

सुभेदारांनी ते टंकलेलं निवेदन काढलं, तारीख घातली, आणि त्याच्या प्रती सगळ्या दूध केंद्रांवर लावायला पाठवल्या. तासाभरात ड्रायव्हर परत आला.

"लोक वाचत्यात," तो म्हणाला, "खरं उलटंच व्हायलंय. एक म्हातारा म्हणला, आता नियंत्रणात हाय म्हंजी आदी न्हवती."

अध्यक्षांनी मग आपल्या परीनं एक उपाय केला. बाजारपेठेतल्या केंद्रावर उभे राहून त्यांनी चार माणसांदेखत पेलाभर दूध पिऊन दाखवलं. मागून कुणीतरी म्हणालं, ते घरच्या म्हशीचं आणलंय. अध्यक्ष परत आले ते हिरमुसून.

त्याच सुमाराला एका बाईचा फोन आला. शेजारच्या दुकानातून बोलत असावी, मागं लोकांचा कालवा ऐकू येत होता. ती अगदी हळू बोलली.

"अहो, माझ्या बाळानं सकाळी तुमचं दूध प्यायलंय. आता मी काय करू?"

माझ्याही मुलीनं सकाळी तेच दूध प्यायलं होतं. पण मला दिवसभरात तिची काळजी क्षणभरही वाटली नव्हती. का वाटली नव्हती? कारण त्या बाटल्या गेल्या तेव्हा पाइप धड होता, हे मला माहीत होतं. आमच्यातल्या प्रत्येकाला ते माहीत होतं. इतकं माहीत होतं की बाहेर कुणाला सांगायचं असतं हेच सुचलं नव्हतं.

"सकाळच्या बाटल्या पाइप गळायच्या कितीतरी आधी गेल्यात," मी तिला म्हटलं. "माझ्या मुलीनंही तेच दूध प्यायलंय. बाळाला काही होणार नाही. तरी मनाला रुखरुख असेल तर डॉक्टरांना दाखवून या."

पलीकडे ती रडायला लागली. मग म्हणाली, "हे तुम्ही त्या कागदावर का नाही लिहिलं?"

मी सुभेदारांकडे जाऊन ते तिच्याच शब्दांत सांगितलं. त्यांनी आपलं निवेदन हातात घेऊन पुन्हा वाचलं, जणू दुसऱ्या कुणीतरी लिहिलंय.

"ह्यात यंत्राचं हाय," ते म्हणाले. "लेकराचं काईच न्हाई."

"सगळे फिरून फिरून तेच विचारताहेत," मी म्हटलं. "सकाळचं दूध कसं होतं, माणूस मेला का, आणि उद्या काय."

"मग तुमीच लिवा. मला दवाखान्यातनं मिस्त्रीचं कळू द्या."

मिस्त्री दुपार कलल्यावर स्वतःच आला. एका डोळ्यावर पट्टी, घसा बसलेला, पण चालत. डॉक्टरांनी घरी जायला सांगितलं होतं आणि त्याची खोली केंद्राच्या मागंच होती. रस्त्यात दोघा-तिघांनी त्याला बघून तोंडावर हात ठेवला, हे तो चकित होऊन सांगत होता.

लोकांना सांगायचं कसं, हा आता मोठा प्रश्न होता. वर्तमानपत्र दुसऱ्या दिवशी येणार. सुभेदारांनी सिनेमाच्या जाहिरातीचा टांगा बोलावला. त्याच्यावर भलामोठा कर्णा होता आणि बोलायला एक हौशी गृहस्थ. त्यांना मी लिहिलेला मजकूर दिला. त्यांनी फाटकातच सराव म्हणून सुरुवात केली. "ऐका हो ऐका, आपल्या लाडक्या सांगली शहरात..." आवाज इतका रंगलेला की शेवटी तिकीट कितीला हे सांगतील असं वाटलं.

सुभेदारांनी त्यांना थांबवलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, टेलिफोनवर त्या बाईशी बोलला तसं बोलता येईल का?"

बाईमाणसानं टांग्यात बसून कर्ण्यावर बोलायचं, ही कल्पना तेव्हा सोपी नव्हती. नवऱ्याला काय वाटेल, शाळेत त्याला कोण काय म्हणेल, हे सगळं डोक्यातून गेलं. पण खोटं कशाला सांगू, त्याहून जास्त मला उत्सुकता होती. तेच शब्द, तशाच साध्या आवाजात, शहरभर सांगितले तर काय होतं ते मला बघायचं होतं. मी हो म्हटलं. मग मिस्त्रीकडे बघून म्हटलं, "यांनाही शेजारी बसवूया. बरं वाटत असेल तर."

मिस्त्री लाजला. "मला कशाला? मी काय बोलू?"

"बोलायचं काही नाही. नुसतं दिसायचं."

आम्ही निघालो. गणपतीच्या देवळापुढून, पेठेतून, हळदीच्या वखारींवरून खणभागाच्या वस्तीकडे. मी एवढंच सांगत होते : आज सकाळी शीतकेंद्रातला एक पाइप गळला. त्याचाच तो वास. तो आता बंद केलाय. तुम्हाला सकाळी मिळालेलं दूध त्याच्या आधीच बाहेर पडलं होतं, माझ्या घरीही तेच आहे. टाकीतलं दूध आम्ही विकणार नाही. ते बिघडलंय का, हे आम्हाला अजून माहीत नाही. तपासायला दिलंय, जे कळेल ते उद्या याच टांग्यातून सांगू. कुणीही दगावलेलं नाही. ज्यांना लागलं ते हे माझ्या शेजारी बसलेत.

बाईचा आवाज म्हणून लोक दारात येत होते आणि मग मिस्त्रीकडे बघत राहत होते. एका बोळाच्या तोंडाशी एक आजी काठी टेकत टांग्याजवळ आल्या आणि त्यांनी त्याचा हात धरून पाहिला.

"गरम हाय," त्या मागच्या बायकांना म्हणाल्या. "जित्ता हाय."

मिस्त्रीनं मान खाली घातली. "आवं, मला काय झालं न्हाई आजी," तो बसक्या आवाजात म्हणाला. दिवसभरात मी सांगितलेल्या सगळ्यापेक्षा त्या वाक्याचं वजन जास्त पडलं असणार.

"आम्हाला अजून माहीत नाही" हे वाक्य अध्यक्षांना पसंत नव्हतं. त्यानं लोक बिथरतील, असं ते म्हणत होते. मलाही ती धास्ती होती. झालं वेगळंच. त्या वाक्याला लोक मान हलवत होते. का, ते मला नीट सांगता येणार नाही. कदाचित बाकीचं सगळं त्यामुळंच खरं वाटलं असेल.

दुसऱ्या दिवशी मिरजेहून निरोप आला, दुधात काही दोष नाही. तोवर टाकीतलं दूध नासून गेलं होतं आणि आम्ही ते ओतून दिलं होतं. टांग्यातून मी दोन्ही गोष्टी सांगितल्या. खप हळूहळू पूर्वीसारखा झाला. काही घरं मात्र गवळ्याकडे गेली ती गेलीच. त्यांतलं एक आमच्या शेजारचंच होतं. ती बाई मला रोज भेटायची, चौकशी करायची, दूध मात्र गवळ्याचं घ्यायची.

माणूस मेल्याची बातमी आली कुठून, हे मला काही केल्या चैन पडू देईना. पुढचे काही दिवस मी सुटल्यावर एकेकाला विचारत गेले. दुकानदारानं सायकलवाल्याचं नाव घेतलं, सायकलवाल्यानं पानपट्टीवाल्याचं, आणि पानपट्टीवाल्यानं आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं सांगितलं. तोंडावर फडकं, अंगावर पोती, आडवा माणूस, धावती जीप. त्याचं काय चुकलं? मी पाहिलं असतं तर मीही तेच समजले असते. माणूस वाचावा म्हणून घातलेली पोतीच त्याच्या मरणाची बातमी घेऊन गेली होती.

हे मी सुभेदारांना सांगितलं. पण तोपर्यंत आणखी एक गोष्ट होऊन गेली होती आणि ती त्यांच्या मनातून जात नव्हती.

टांगा फिरला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी आक्रोश ऐकू आला. मिस्त्रीची आई, चुलता आणि गावची चार माणसं पहिल्या एस.टी.नं आली होती. संध्याकाळचं दूध घेणार, हा निरोप सुभेदारांनी कंडक्टरांबरोबर गावोगावी धाडला होता, आणि तो बरोबर पोचलाही होता. पण त्याच गाड्यांतून मिस्त्री मेल्याची बातमीही गेली होती, आणि ती कवठे महांकाळच्या पुढं, आमचं दूध गोळा होत नव्हतं अशा त्याच्या गावात पोचली होती. त्या गावाला कुणी काही कळवलंच नव्हतं.

मिस्त्री मागच्या खोलीत चहा पीत होता. आवाज ऐकून तो कप घेऊनच बाहेर आला. आईनं त्याला पाहिलं आणि तिचा आवाज बंद झाला. ती जवळ आली, त्याच्या डोळ्यावरच्या पट्टीवरून बोट फिरवलं, आणि तिथंच मातीत बसली.

सुभेदार पुढं झाले. "मावशी, माझं चुकलं. पैला निरोप तुमास्नी द्याया पायजे हुता."

तिनं वर बघितलं. "रातीच मेंढरं तशीच सोडून निघालो, बाबा," एवढंच ती म्हणाली.

सुभेदारांनी त्याच दिवशी कामावरच्या प्रत्येकाला जवळ बोलावून विचारलं, तुझ्या घरी निरोप कुणाच्या हातानं आणि किती लवकर जाईल. त्याची उत्तरं मिळायला बरेच दिवस लागले. कुणाच्या गावात पोस्ट नव्हतं, कुणाच्या गावाला एस.टी. एकदाच जायची. नंतरच्या काळात केंद्रात कुणाला नुसतं लागलं तरी सगळ्यात आधी त्याच्या घरी माणूस निघायचा, निवेदन मागाहून. निवेदन लिहायचं काम माझ्याकडेच राहिलं, आणि लिहायच्या आधी मी टेलिफोनजवळ बसून लोक काय विचारतात ते ऐकायला लागले.

त्या दिवशी मिस्त्रीच्या आईला आम्ही जेवू घातलं. दुपारच्या गाडीला वेळ होता. ती मला म्हणाली, "ताई, जे फुटलं ते कुठं हाय? मला दावा."

मिस्त्री नको म्हणत होता, पण सुभेदारांनी यंत्रघर उघडलं. ती उंबऱ्यावर पदर नाकाला लावून थोडा वेळ उभी राहिली, मग आत आली. दुरुस्त होऊन पाइप पुन्हा चालू झाला होता आणि त्याच्यावर पांढरं बर्फ धरलं होतं. बाहेर उन्हाचा तडाखा होता. तिनं बोट लावलं, दचकून मागं घेतलं, पुन्हा लावलं.

"आगीवानी पोळतंय, आन् गार कसं रं?"

मिस्त्री सांगायला लागला. बसलेल्या घशातून शब्द फुटत नव्हते, म्हणून हातवारे करून, पाइप इकडून येतो, तिकडून जातो, असं दाखवत होता. चुलता आणि गावची माणसंही आत येऊन उभी राहिली. आई बोटावरचं बर्फ विरघळेपर्यंत बघत होती, आणि विरघळलं की नवीन घेत होती. शेवटी सुभेदारांनीच सांगितलं की गाडी लागली असेल. तरी ती म्हणाली, "थांबा जरा, त्याचं सांगून पुरं हुंद्या."